खडीच्या मोबदल्यात भाकरी : महाराष्ट्रातील जगण्याच्या हमीचा इतिहास

सह्याद्रीच्या पूर्वेला माण, खटाव, जत, सांगोला, आष्टी अशा तालुक्यांचा जो पट्टा आहे, तो पर्जन्यछायेत येतो. वर्षाकाठी ५०० मिलिमीटरच्या आसपास पाऊस, आणि तोही बेभरवशाचा. या मुलखातल्या जवळजवळ प्रत्येक पिढीने एक तरी मोठा दुष्काळ पाहिला आहे. त्यामुळे उपाशी माणसाला जगवणे ही कोणाची जबाबदारी, आणि ती फुकट पार पाडायची की कामाच्या बदल्यात, हा प्रश्न इथे नुसता चर्चेचा कधीच नव्हता. तो कोठाराच्या दारात, खडीच्या ढिगाशी आणि रेशनच्या दुकानात सोडवावा लागला.

लोकांच्या आठवणीतले सर्वांत जुने उत्तर मंगळवेढ्याचे आहे. पंधराव्या शतकात बहमनी राज्याच्या चाकरीत असलेल्या दामाजीपंतांनी दुष्काळात सरकारी कोठारे भुकेल्यांसाठी खुली केली. सुलतानाने जाब विचारल्यावर विठ्ठलानेच महाराचे रूप घेऊन बेदरला धान्याचे पैसे भरले, अशी कथा पुढे संतचरित्रकार महिपतींनी सांगितली. कथेतला चमत्कार बाजूला ठेवला तरी तिच्यातला एक व्यवहार स्पष्ट दिसतो : कोठारातले धान्य रयतेचे नव्हते, राज्याचे होते. ते वाटणे हा अधिकाऱ्याचा गुन्हा होता, आणि त्याची भरपाई देवालाच करावी लागली. भुकेल्याला त्या धान्यावर कसलाही हक्क नव्हता.

मध्ययुगीन राज्ये मदत करीत नसत, असे मात्र नाही. १६३० ते १६३२ च्या भीषण दुष्काळात, ज्यात तुकाराम महाराजांची पहिली पत्नीही गेली, शाहजहानने बुऱ्हाणपूर आणि अहमदाबाद इथे लंगर उघडले. शिवाजी महाराजांनी १६७६ मध्ये प्रभावळीच्या सुभेदाराला, रामाजी अनंतांना, लिहिलेले पत्र तर आजही वाचण्यासारखे आहे. ज्या कुणब्याच्या अंगात कष्ट करण्याची ताकद आहे, पण बैल, नांगर आणि पोटाला दाणे नाहीत, त्याला बैलासाठी रोख पैसे आणि खाण्यासाठी धान्य द्यावे, आणि नंतर व्याज न लावता फक्त मुद्दल त्याच्या ऐपतीप्रमाणे हळूहळू वसूल करावे, असे त्यात बजावले आहे. ही मदत फुकट नव्हती, कर्जाची होती. तरीही तिच्यात एक समज आहे, जी पुढच्या दोनशे वर्षांत अनेक राज्यकर्त्यांना आली नाही : माणूस जगला तरच शेत पिकते, आणि शेत पिकले तरच सरकारला सारा मिळतो.

याच्या उलट टोकाला पेशवाईतला रमणा होता. पुण्यात पर्वतीच्या पायथ्याशी श्रावणात ब्राह्मणांना दक्षिणा वाटली जाई आणि त्यासाठी दूरदूरच्या प्रांतांतून लोक येत. देणे पूर्णपणे मोफत होते, पण घेणारा जन्माने ठरत असे, भुकेने नाही. १८१८ नंतर इंग्रजांनी दक्षिणेची रक्कम कमी करत नेली आणि तिच्यातूनच १८२१ मध्ये पुण्यात संस्कृत पाठशाळा उभी राहिली. फुकट देणे आणि सर्वांना देणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, याचा हा मराठी मुलखातला ठसठशीत दाखला आहे.

आधुनिक हमीची खरी सुरुवात १८७६ ते १८७८ च्या दुष्काळात झाली, आणि ती फार क्रूर होती. मुंबई इलाख्यात सोलापूर, नगर, पुणे, सातारा आणि कलादगी हे जिल्हे सर्वाधिक होरपळले. व्हाइसरॉय लिटन याने मदतकार्याचा खर्च आवरण्यासाठी जानेवारी १८७७ मध्ये सर रिचर्ड टेंपल याला दुष्काळी भागात पाठवले. टेंपलची पार्श्वभूमी लक्षात घेण्यासारखी आहे. १८७४ मध्ये बिहारच्या दुष्काळात त्याने ब्रह्मदेशातून सुमारे पाच लाख टन तांदूळ आणवला होता आणि मृत्यू जवळजवळ टाळले होते. त्याबद्दल शाबासकी मिळण्याऐवजी उधळपट्टीचा ठपका त्याच्यावर आला. या वेळी त्याने तो ठपका धुऊन काढायचे ठरवले. पुरुष मजुराची दिवसाची मजुरी एक पौंड, म्हणजे साधारण ४५० ग्रॅम, धान्याच्या किमतीवर आणि वर एक आण्यावर आणण्यात आली. बायका आणि मुलांना त्याहून कमी. हे धान्य बसून खाणाऱ्यासाठी नव्हते. दिवसभर दगड फोडणाऱ्या, माती वाहणाऱ्या माणसाला एवढ्यावर दिवस काढायचा होता. मद्रास इलाख्यातील आरोग्य आयुक्त डॉ. कॉर्निश यांनी हा शिधा जिवंत राहायलाही पुरेसा नाही असा जाहीर आक्षेप घेतला आणि तिथल्या सरकारला पुढे तो वाढवावा लागला.

दख्खनमधल्या मजुरांनी यावर जे केले, त्याला इतिहासात मिळायला हवी तेवढी जागा मिळालेली नाही. कमी केलेली मजुरी आणि गावापासून दूर मोठ्या कामांवर जाण्याची सक्ती यांविरुद्ध हजारो उपाशी माणसांनी कामावरून उठून जाणे पसंत केले. घरात दाणा नसताना केलेला हा संप होता. पुण्याच्या सार्वजनिक सभेने, गणेश वासुदेव जोशी म्हणजे सार्वजनिक काका यांच्या पुढाकाराने, गावोगावची माहिती गोळा करून ती सरकारपुढे मांडली. दुष्काळग्रस्ताला मदत मिळावी, ती पोटभर असावी आणि ती देणे हे सरकारचे कर्तव्य आहे, ही मागणी संघटितपणे इथे प्रथम पुढे आली.

त्याच वेळी सरकारच्या बाहेरही एक प्रयोग चालू होता. जोतीराव फुले आणि सत्यशोधक समाजाच्या कार्यकर्त्यांनी पुण्याजवळ धनकवडी इथे दुष्काळातल्या मुलांसाठी व्हिक्टोरिया बालाश्रम उघडला. सावित्रीबाई फुले यांनी एप्रिल १८७७ मध्ये जुन्नर तालुक्यातील ओतूरहून जोतीरावांना लिहिलेल्या पत्रात गाव सोडून निघालेली माणसे आणि चाऱ्यापाण्याविना मरणारी जनावरे यांचे वर्णन आहे, आणि सत्यशोधकांनी नेमलेल्या मदत समित्यांचीही माहिती आहे. धनकवडीच्या छावणीत मुलांना जेवण मिळे ते भुकेल्या पोटासाठी. जात पाहिली जात नव्हती आणि काम करून घेतले जात नव्हते. रमण्याच्या पुण्यापासून काही मैलांवर, दोन पिढ्यांनंतर, दानाची कसोटी जन्माकडून भुकेकडे आली होती.

या दुष्काळात ब्रिटिश हिंदुस्थानात पन्नास लाखांहून अधिक माणसे मेली, असा अंदाज आहे. त्यानंतर रिचर्ड स्ट्रेची यांच्या अध्यक्षतेखालील दुष्काळ आयोगाने १८८० मध्ये अहवाल दिला आणि त्यावर आधारित दुष्काळ संहिता १८८० च्या दशकात प्रांतोप्रांती लागू झाल्या. संहितेची रचना समजून घेतली पाहिजे, कारण पुढच्या शंभर वर्षांचा साचा तिने पाडला. ज्याच्या अंगात ताकद आहे त्याला काम आणि मजुरी. जो आंधळा, पांगळा, म्हातारा किंवा आजारी आहे त्याला गावातच फुकट शिधा. त्याच्या याद्या पाटील-कुलकर्ण्यांच्या मदतीने होत. निराधार भटक्यांसाठी आश्रयगृहे. दुष्काळ खरोखर आहे की नाही हे ठरवण्यासाठी आधी थोडी कामे उघडून पाहायची. काम कष्टाचे आणि मजुरी जेमतेम, तरीही माणसे आली, म्हणजे गरज खरी.

ही कसोटी सरकारला सोयीची होती. गरजू कोण हे ठरवण्यासाठी चौकशी लागत नाही, अधिकाऱ्याची मर्जी लागत नाही, आणि ज्याच्या घरी दाणे आहेत तो उन्हात दगड फोडायला येत नाही. या युक्तिवादात तथ्य आहे आणि आजही अर्थशास्त्रज्ञ तो मांडतात. पण त्याची किंमत भुकेल्या शरीराकडूनच वसूल होत होती. ज्या दिवसांत माणसाने कमीत कमी शक्ती खर्चायला हवी, त्याच दिवसांत त्याने सर्वांत जड काम करून आपली भूक सिद्ध करायची, ही त्या व्यवस्थेतली मूळ विसंगती होती.

१८९६-९७ च्या दुष्काळात संहिता प्रथमच मोठ्या प्रमाणावर पणाला लागली. आता नवी गोष्ट ही होती की नियम छापील होता, म्हणून तो वाचून दाखवता येत होता. लोकमान्य टिळकांनी 'केसरी'तून संहितेतल्या तरतुदी शेतकऱ्यांना समजावून सांगितल्या. पीक बुडाल्यावर सारा माफ किंवा तहकूब करून मागणे ही भीक नाही, सरकारने स्वतःच घालून दिलेल्या नियमाची अंमलबजावणी आहे, असे त्यांचे म्हणणे होते. सार्वजनिक सभेची माणसे गावोगाव जाऊन हेच सांगत होती. १८९७ मध्ये सरकारने सभेची मान्यता काढून घेतली. सोलापूरच्या विणकरांचा प्रश्न तर अधिकच बोलका होता. माग थांबले होते, पण मागावर बसणारी बोटे खडी फोडायला लावली तर ती पुन्हा मागाच्या कामाची राहत नाहीत. विणकरांना त्यांच्याच धंद्यातले काम देऊन जगवावे, अशी योजना टिळकांनी स्थानिक व्यापाऱ्यांना बरोबर घेऊन मांडली. संहितेत त्याला वाव होता, तरी मुंबई सरकारने ती मानली नाही.

संहितेची दुसरी मर्यादा बंगालमध्ये १९४३ साली उघडी पडली. तिथे लाखो माणसे मरत असतानाही संहितेनुसार दुष्काळ जाहीरच केला गेला नाही. जाहीर करण्याचा अधिकार सरकारचा होता, आणि सरकारने तो वापरला नाही.

पाण्याचा इतिहास याला समांतर चालतो. पाणी विकत घ्यावे लागत नव्हते, तरी ते सर्वांचे नव्हते. सी. के. बोले यांच्या ठरावाने १९२३ मध्ये मुंबई विधिमंडळाने सार्वजनिक पाणवठे अस्पृश्यांना खुले केले. तो कागदावर राहिला, म्हणून २० मार्च १९२७ रोजी डॉ. आंबेडकरांना महाडच्या चवदार तळ्यावर सत्याग्रह करावा लागला. आणि १९७२ च्या दुष्काळातही गावोगावच्या विहिरींवर दलितांना मज्जाव होता, म्हणून बाबा आढावांना 'एक गाव, एक पाणवठा' ही मोहीम काढावी लागली. जे फुकट आहे त्याच्याही वाटपाला कोणीतरी दारात उभा असतो, हे लक्षात घेतल्याशिवाय मोफत गरजांची चर्चा पुरी होत नाही.

स्वातंत्र्यानंतर राज्यघटनेच्या अनुच्छेद ४१ मध्ये कामाचा हक्क आणि बेकारी, म्हातारपण, आजारपण यांत साहाय्य मिळण्याचा हक्क नोंदवला गेला, पण राज्याच्या आर्थिक कुवतीच्या मर्यादेत, आणि न्यायालयात मागता येणार नाही अशा मार्गदर्शक तत्त्वांच्या भागात. त्याला कायद्याचे हातपाय मिळायला महाराष्ट्रात तीस वर्षे लागली. त्यामागे सर्वांत चिकाटीने उभे होते ते वि. स. पागे. १९६० पासून १९७८ पर्यंत ते विधान परिषदेचे सभापती होते. १९६५ मध्ये त्यांच्या तासगाव तालुक्यात विसापूर भागातल्या काही गावांत, मागेल त्याला काम देण्याचा प्रयोग करून पाहण्यात आला. वि. म. दांडेकर आणि नीळकंठ रथ यांनी १९७१ मध्ये भारतातील दारिद्र्यावरच्या आपल्या अभ्यासात ग्रामीण भागात रोजगाराची हमी द्यावी असाच निष्कर्ष काढला. पण प्रयोग आणि पुस्तक यांनी जे झाले नसते, ते दुष्काळाने केले.

१९७० पासून सलग तीन वर्षे पाऊस हुलकावणी देत गेला आणि १९७२-७३ मध्ये शेतीचा कणा मोडला. मुख्यमंत्री वसंतराव नाईक यांच्या सरकारने मदतकामे उघडली. मे १९७३ च्या सुमारास या कामांवर रोज पन्नास लाखांच्या जवळपास माणसे होती. मराठवाडा, नगर, सोलापूर, सांगलीच्या गावांत आज सत्तरी ओलांडलेल्या माणसांना ते वर्ष खडीने आठवते. मोठा धोंडा पहारीने काढायचा, घणाने फोडायचा, मग उन्हात बसून हातोडीने त्याचे सारख्या आकाराचे तुकडे करायचे. बोटांना चिंध्या गुंडाळलेल्या, तान्ही मुले झाडाच्या सावलीत झोळीत. ढीग रचायचा, तो ब्रासवर मोजला जायचा, म्हणजे शंभर घनफुटांचा एक ब्रास. मोजणाऱ्याने ढीग कमी भरवला की मजुरी कमी. कामावर सुकडी हा कोरडा पूरक आहार मिळायचा, आणि रेशनवर अमेरिकेतून आलेली लाल मिलो ज्वारी, जिची चव कोणालाच आवडली नाही पण जिच्यावर घरेच्या घरे तगली. शहरात मृणाल गोरे, अहिल्या रांगणेकर यांच्या नेतृत्वाखाली महागाईविरोधात बायका लाटणी घेऊन रस्त्यावर उतरल्या होत्या. ग्रामीण भागात लाल निशाण पक्षासह डाव्या संघटना कामांवरच्या मजुरांना संघटित करत होत्या. १८७७ सारखा मृत्यूचा आकडा या वेळी झाला नाही. पुढे ज्याँ द्रेझ यांच्यासारख्या अभ्यासकांनी दुष्काळ पडूनही उपासमारीचे सामूहिक मृत्यू टाळल्याचे उदाहरण म्हणून याच वर्षाकडे बोट दाखवले.

या अनुभवातून रोजगार हमी योजना कायद्यापर्यंत गेली. १९७७ मध्ये विधिमंडळाच्या दोन्ही सभागृहांनी महाराष्ट्र रोजगार हमी अधिनियम एकमताने संमत केला आणि २६ जानेवारी १९७९ पासून तो अमलात आला. ग्रामीण भागातल्या कोणत्याही प्रौढ माणसाने अंगमेहनतीचे काम मागितले तर १५ दिवसांत ते द्यायचे, नाही तर बेकारभत्ता. भत्ता दिवसाला निदान एक रुपया, म्हणजे नाममात्रच होता. पण दुष्काळ जाहीर होण्याची वाट आता पाहावी लागणार नव्हती. दुष्काळ आहे की नाही हे अधिकाऱ्याने ठरवायचे, ही संहितेतली कळ कायद्याने काढून घेतली आणि काम मागण्याची कळ मजुराच्या हाती दिली. दिवसांची मर्यादाही नव्हती.

पैसा कुठून आला, हे या कायद्याचे दुसरे वेगळेपण. १९७५ पासून महाराष्ट्रात व्यवसाय कर बसवला गेला, तो मुख्यतः या योजनेसाठी. वाहनकर आणि विक्रीकरावरचे अधिभार, बागायती जमिनीवरचा कर अशा वाटाही होत्या, आणि जेवढी रक्कम जमेल तेवढीच भर सरकारने आपल्या तिजोरीतून घालायची. मुंबई-पुण्यातल्या नोकरदाराच्या पगारपत्रकावर दरमहा २०० रुपयांची जी कपात दिसते तिचा उगम इथे आहे. जगण्याची हमी हे दान नसून एका भागाने दुसऱ्या भागासाठी उचललेला नियमित भार आहे, हे या कराने जितके स्पष्ट केले तितके कोणत्याही भाषणाने केले नसेल.

कामांवर बायकांचे प्रमाण निम्म्याच्या आसपास राहिले. मोजमापावर मजुरी असल्यामुळे दर स्त्री-पुरुषांना सारखा होता, आणि शेतमजुरीत ज्यांना नेहमी पुरुषांच्या निम्मे मिळे, त्यांच्यासाठी ही लहान गोष्ट नव्हती. दोषही जुनेच होते : हजेरीपटावर खोटी नावे, पगाराला महिना-महिना उशीर, मुकादमाची मनमानी, कामे गावापासून लांब. शिवाय मजुराच्या घामाने बांधलेला पाझर तलाव ज्याच्या जमिनीजवळ, त्याच्याच विहिरीला पाणी लागे. ज्याच्याकडे जमीन नाही, त्याला हंगामाची मजुरी मिळून प्रश्न तिथेच राही. या कोंडीवरचे सर्वांत धाडसी उत्तर विलासराव साळुंखे यांनी पुरंदर तालुक्यातील नायगावात दिले. पुण्यात कारखाना चालवणाऱ्या या अभियंत्याने १९७४ पासून पाणी पंचायतीचा प्रयोग केला. पाणी जमिनीच्या क्षेत्रावर नव्हे, घरातल्या माणसांवर वाटायचे, माणशी अर्ध्या एकरापुरते. भूमिहीनालाही त्याचा वाटा. आणि ऊस लावायचा नाही. पाणी फुकट नव्हते, गटाने खर्चाचा काही भाग उचलायचा होता. हा विचार राज्यभर पसरला नाही, ही महाराष्ट्राच्या पाणीधोरणातली मोठी चूक ठरली.

मजुरी किती असावी, या प्रश्नाने टेंपलची सावली पुन्हा पुढे आणली. सर्वोच्च न्यायालयाने १९८३ मध्ये राजस्थानच्या संजित रॉय खटल्यात ठरवले की दुष्काळी कामावरही किमान वेतनापेक्षा कमी मजुरी देणे म्हणजे घटनेने मना केलेली वेठबिगारी आहे. महाराष्ट्रात १९८८ च्या मध्याला रोजगार हमीची मजुरी जवळजवळ दुप्पट झाली. त्यानंतर कामावरची हजेरी वाढण्याऐवजी घटली, आणि अभ्यासकांना त्यामागे मागणीची घट दिसली नाही, तर कामे कमी उघडली जात असल्याचे दिसले. हक्क कायद्यात शाबूत होता, पण काम काढणारा हात आखडला होता.

ज्यांना काम करताच येत नाही, त्यांच्यासाठी संहितेतला मोफत शिधा वेगळ्या रूपात परत आला. १९८० मध्ये मुख्यमंत्री अ. र. अंतुले यांच्या काळात संजय गांधी निराधार अनुदान योजना सुरू झाली आणि विधवा, अपंग, निराधारांना दरमहा रक्कम मिळू लागली. आदिवासी भागांत पावसाळ्यातल्या रिकाम्या दिवसांसाठी खावटी कर्ज होते. ते फेडणे बहुतेकांना जमत नसे आणि ते वेळोवेळी माफ करावे लागे. १९९० च्या दशकात मेळघाटात कुपोषणाने मुले दगावत होती, तेव्हा कर्जाच्या नावाखाली दिलेले दाणे पुरेसे नव्हते, हे लपून राहिले नाही. २०२० मध्ये खावटी कर्जाचे रूपांतर अनुदानात झाले. शहरांत १९९५ ची एक रुपयातली झुणका-भाकर आणि २०२० ची दहा रुपयांतली शिवभोजन थाळी हे याच वाटेवरचे, पण सरकार बदलले की डळमळणारे टप्पे.

पुढची मोठी पावले देशपातळीवर पडली. २००१ मध्ये गोदामांत धान्य साठलेले असताना राजस्थानात लोक उपाशी होते, म्हणून पीपल्स युनियन फॉर सिव्हिल लिबर्टीजने सर्वोच्च न्यायालयात याचिका केली, आणि २८ नोव्हेंबर २००१ च्या आदेशाने शाळेतला शिजवलेला आहार सक्तीचा झाला. २००५ चा राष्ट्रीय ग्रामीण रोजगार हमी कायदा महाराष्ट्राच्या अनुभवावर उभा राहिला; मात्र त्याने घरटी वर्षाला १०० दिवसांची मर्यादा घातली, जी मूळ महाराष्ट्र कायद्यात नव्हती. २०१३ च्या अन्नसुरक्षा कायद्याने माणशी दरमहा पाच किलो धान्य दोन-तीन रुपये किलोने देण्याचे बंधन घातले, आणि १ जानेवारी २०२३ पासून ते पूर्ण मोफत झाले. १८७७ मध्ये दिवसभराच्या कष्टाच्या बदल्यात जे एक पौंड धान्य दिले जात होते, त्याच्या तिसऱ्या हिश्शाच्या आसपास धान्य आता काहीही न करता मिळते. पण ते गावच्या रेशनकार्डावर मिळते, आणि बीडचा ऊसतोड कामगार वर्षातले पाच-सहा महिने सांगली-कोल्हापूरच्या फडात असतो. देशभर कुठेही धान्य घेता येईल अशी कार्डाची सोय त्याच्यासाठी केलेली आहे. फडापासून दुकान किती लांब आहे आणि तिथले यंत्र त्याचा अंगठा ओळखते की नाही, यावर त्या महिन्याचे दाणे ठरतात.